शेंदूर लावलेल्या सहा डिस्क

दसरा उलटल्यावर आपल्याकडचं कुठलंही यंत्र उघडा, आत झेंडूची एखादी पाकळी सापडतेच. वैजयंताला त्याचं नवल राहिलं नव्हतं. डिस्क दुरुस्तीच्या धंद्यात तिने कुंकवाने माखलेले सर्व्हर पाहिले होते, अक्षता अडकून बंद पडलेले पंखे पाहिले होते, आणि एकदा तर पूजेच्या पेढ्यामागोमाग मुंग्यांनी संसार थाटलेला अख्खा संगणक पाहिला होता. त्यामुळे धारजाई डोंगराच्या रोपवेवरून सहा डिस्क दुकानात आल्या आणि प्रत्येकीच्या कपाळावर शेंदराचा ठसठशीत टिळा दिसला, तेव्हा तिकडे कोणी लक्षच दिलं नाही. आपलीच माणसं, आपलीच रीत, त्यात काय बघायचं?

साताऱ्यात पोवई नाक्याच्या पुढच्या एका गल्लीत वैजयंता आणि निरंजन या नवराबायकोचं दुकान होतं. मेलेल्या डिस्कमधून माहिती परत काढून द्यायची, हा धंदा. पूर्वी त्याला फार वेळ लागे आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या हाती काहीतरी अर्धवटच पडे. अर्धं लग्न, बाळाविना बारसं, मधलंच प्रकरण गायब झालेला प्रबंध. मग 'सांधक' आला.

सांधक म्हणजे एक प्रोग्राम. डिस्कवर जे उरलंय ते तो वाचायचा आणि जे गेलंय ते जगातल्या तसल्याच कोट्यवधी नोंदींवरून ताडून भरून काढायचा. लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांनंतरचा भाग गेला असेल, तर मंगलाष्टकांनंतर काय होतं हे त्याला पाठ. तीच नवरी, तोच मामा, मामाची तीच तिरकी टोपी. सगळं इतकं बेमालूम, की नवरीची आईही शपथेवर सांगेल, हो बाई, अस्संच झालं होतं. बघता बघता दवाखान्यांनी, कारखान्यांनी, कचेऱ्यांनी तो घेतला. सरकारनेही नियम केला की सांधकने नव्वद टक्क्यांच्या वर खात्री दिली तर सांधलेली नोंद मूळ नोंदच मानावी. निरंजन खूश होता. लोक दुकानातून हसत बाहेर पडायचे आणि हसून बाहेर पडणारं गिऱ्हाईक कोणाला नको असतं?

रोपवेचं प्रकरण साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. कोजागरीच्या संध्याकाळी देवीला तोबा गर्दी. वारा वाढल्याचा भोंगा झाला, आणि तरीही खाली येणारी ट्रॉली थांबली नाही. ती खालच्या स्थानकाच्या कठड्यावर आपटली. एक वयस्कर गृहस्थ दगावले, कित्येकांचे हातपाय मोडले. ट्रॉली चालवणारी बाई होती रेश्मा शेडगे, तिथल्याच वाडीतली. ती म्हणत होती, मी थांबवायचं बटण दाबलं होतं. कंपनी म्हणत होती, रांग हटवायच्या घाईत हिने भोंगा बंद केला आणि ट्रॉली तशीच सोडली. खरं काय ते नियंत्रण कक्षातल्या सहा डिस्कवर लिहिलेलं होतं, आणि त्या डिस्क नेमक्या त्याच सुमाराला मरायला टेकल्या होत्या.

सांधकने निकाल दिला: चालकाने भोंगा बंद केला. खात्री चौऱ्याण्णव टक्के.

तो अहवाल अजून दुकानातच होता, तेव्हा रेश्मा आली. अंगाने किरकोळ, तिशीतली बाई. ती रडली नाही की हातापाया पडली नाही. काउंटरपाशी ताठ उभी राहून तिने विचारलं, "माझ्या पेट्या हितंच हायत न्हवं?"

"त्या डिस्क तुमच्या नाहीत, कंपनीच्या आहेत," निरंजन सौम्यपणे म्हणाला. "आणि अहवाल आम्ही कंपनीलाच देणार."

"द्या की. पर त्यात काय लिवलंय ते म्या अगुदरच सांगती. बाईनं चूक केली. व्हय ना?" ती वैजयंताकडे वळली. "ताई, म्या बटन दाबलं. एकदा दाबलं, मग परत दाबलं. माझ्या बोटाला ठावं हाय. आता तुमचं मशीन म्हनतंय का न्हाई दाबलं. मग माझं बोट खोटं का मशीन खोटं, येवढं सांगा."

निघताना रेश्माची नजर टेबलावरच्या डिस्कवर गेली. ती पुढे झाली, एका डिस्कच्या टिळ्याला बोट टेकलं, आणि ते बोट सवयीने कपाळाला लावलं.

"काय केलंत हे?" वैजयंताने विचारलं.

"आईचा शेंदूर हाय तो. अंगचा. खंडेनवमीला समदी हत्यारं वर नेतो आमी, आईच्या पायाशी. मोटर काय नेता येत न्हाई, मग तिचं पानं, किल्ल्या, आन ह्या पेट्या. दरसाल नुसतं कुकू लावत्यात. औंदा पेट्या कोऱ्या हुत्या, म्हनून गुरवमामांनी मुद्दाम आईच्या अंगचा शेंदूर काढून लावला. वरच लावला, मग खाली आनून बसवल्या."

रेश्मा निघून गेली. वैजयंताने डिस्क उचलून डोळ्यांजवळ धरली. सहाही टिळे अगदी एकाच जागी होते. तिथे डिस्क बनवणाऱ्या कंपनीने छापलेलं एक वर्तुळ होतं. गुरवाला ते कपाळच वाटलं असणार, आणि त्यात त्याची काय चूक? वर्तुळाखाली मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. हे छिद्र झाकू नये.

ती ओळ तिने शेकडो डिस्कवर वाचली होती. छिद्र झाकलं गेलेलं मात्र तिने आजच पाहिलं.

आता हे छिद्र कशाला असतं, ते सांगायला हवं. डिस्क म्हणजे गरगर फिरणारी चकती. तिच्यावरचं लिखाण वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, तिच्या वेगाने उठणाऱ्या हवेच्या थरावर तरंगतं. नव्या डिस्कमध्ये जास्त मजकूर मावावा म्हणून हा थर इतका पातळ केलेला असतो की केसाची जाडी त्यापुढे डोंगर. हवा जरा विरळ झाली की हेड खाली येतं आणि चकती खरवडतं. म्हणून आतली हवा आणि बाहेरची हवा सारखी राहावी यासाठी ते बारीक छिद्र ठेवतात. डिस्क त्यातून श्वास घेते म्हणा ना.

आणि धारजाईचं देऊळ खालच्या स्थानकापेक्षा जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच. वर हवा विरळ. त्या विरळ हवेतच देवीच्या तेलकट शेंदराने छिद्राला बूच बसलं, आणि डिस्क डोंगराची हवा पोटात घेऊन खाली आल्या. खाली त्या फिरू लागल्या ते मरणाच्या वाटेवरच.

शेंदूर इतका घट्ट बसतो? हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला असता. वैजयंताला नाही. तिचे वडील, आबा, नळाचं काम करायचे. जुन्या लोखंडी पाइपाच्या आट्यांना ताग गुंडाळून वरून तेलात कालवलेला शेंदूर फासायचे आणि म्हणायचे, आता यातून पाण्याचा बापसुद्धा बाहेर येणार नाही.

"निरंजन, या डिस्क मेलेल्या नाहीत. गुदमरल्यात," ती म्हणाली. "यांना वीज लावू नकोस. मी उघडते आणि वाचते."

निरंजनने खुर्ची मागे ढकलली. "अहवाल तयार आहे, वैजू."

"अहवाल खोटा आहे."

"खोटा कसा? जगभरातल्या रोपवे अपघातांच्या नोंदी त्याच्याकडे आहेत. बहुतेक वेळा चालकाचीच चूक असते."

"बहुतेक वेळा! आणि या वेळी?"

"या वेळचं वाचता येत नाहीये म्हणून तर..."

"मग तसं लिही. वाचता आलं नाही, एवढं लिही."

"असलं कोणाला नको असतं गं. लोकांना पुरं लागतं. अर्धवटाने कोणाचं मन भरत नाही. तुझंतरी कुठे भरलं असतं, आबांच्या त्या..." बोलता बोलता तो थांबला. पण तोंडातून गेलेला शब्द आणि नळातून गेलेलं पाणी, दोन्ही परत येत नाहीत.

"आबांच्या त्या काय?"

आबा गेल्यावर त्यांच्या फोनमध्ये वैजयंतासाठी बोलून ठेवलेला एक निरोप सापडला होता. कधी पाठवलाच नव्हता. फोन टाकीत पडून खराब झालेला. निरंजनने खपून तो निरोप परत काढला आणि गेल्या दिवाळीच्या पाडव्याला ओवाळणी म्हणून तिच्या तबकात ठेवला. "ए शहाणे, ऐक. तुला एक सांगायचं राहिलंय. बाळा, मला तुझा फार अभिमान वाटतो. सुखात राहा." आबांचाच आवाज. जन्मात त्यांनी तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं. एकदाच म्हणाले आणि तेही असं, या विचाराने तिने तो निरोप किती वेळा ऐकला आणि किती वेळा पदर डोळ्यांना लावला, त्याला गणती नव्हती.

"कुठपर्यंत आबा आहेत?" तिने विचारलं.

निरंजन खाली बघत म्हणाला, "राहिलंय, इथपर्यंत."

तिला भडाभडा रडू यायला हवं होतं. आला तो संताप. कोट्यवधी बापांनी आपापल्या लेकींना जे म्हटलं असेल त्याची सरासरी काढून कोणीतरी ती तिच्या बापाच्या तोंडात घातली होती. आणि कोट्यवधी चालकांच्या चुकांची सरासरी काढून ती आता रेश्माच्या बोटाला चिकटवली होती. हिशेब एकच, यंत्र एकच.

"माझा बाप तू बदललास ते बदललास," ती म्हणाली. "त्या बाईचं बोट मी बदलू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रोपवे कंपनीचे मोकाशी आले. पांढराशुभ्र शर्ट, गोड बोलणं. अहवाल घेतला, चहा घेतला, आणि म्हणाले, "डिस्कही द्या. नष्ट करायच्यात. नोंद सांधली की मूळ ठेवायचं बंधन नाही, नियमच आहे."

"बंधन नाही, पण बंदीही नाही," वैजयंता म्हणाली. "डिस्क मिळणार नाहीत."

मोकाशी हसले. "वहिनी, त्या आमच्या आहेत."

"आहेत ना. पोलिसात जा. तक्रार द्या की ही बाई आमच्या डिस्क वाचायचं म्हणतेय आणि आम्हाला ते नकोय. अगदी याच शब्दांत द्या."

मोकाशींचं हसू मावळलं. त्यांनी निरंजनकडे पाहिलं. पुरुषमाणूस समजूतदार असतो, अशी एक समजूत असते. रात्रभर तो झोपला नव्हता हे त्याच्या डोळ्यांवरून कोणीही सांगितलं असतं. मग तो म्हणाला, "काम चालू आहे, साहेब. काम संपल्याशिवाय आमच्याकडे वस्तू परत द्यायची पद्धत नाही."

"पुन्हा तुम्हाला एकही काम मिळणार नाही," मोकाशी म्हणाले.

"नको," नवराबायको एकदमच म्हणाली, आणि त्या सकाळी दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं.

मोकाशी गेले, पण पेच सुटला नव्हता. शेंदूर नुसता खरवडला तर आतली विरळ हवा बाहेरची जड हवा ओढून घेणार, आणि हवेबरोबर शेंदराचे कणही. त्यातला एक कण चकतीवर पडला तरी संपलं. छिद्र उघडायचं, पण डिस्कने श्वास आत न घेता बाहेर सोडला पाहिजे. कसं जमवायचं हे?

वैजयंता टेबलाशी बसून राहिली. आबा असते तर काय केलं असतं? शेंदराने जाम झालेला जोड आबा कधी ताकदीने फिरवत नसत. "ताकद गाढवालाबी असती," म्हणायचे आणि आधी जोड शेकायचे.

शेकायचे! ती उठलीच. बंद डब्यातली हवा तापली की तिचा दाब वाढतो, शाळेतलं विज्ञान. डिस्क वीसेक अंशांनी तापवली तर आतली विरळ हवा बाहेरच्या हवेला भारी पडेल. मग बूच निघालं की हवा बाहेर येईल आणि शेंदूर बाहेरच ढकलेल.

"निरंजन, गरम पाण्याची पिशवी आण!"

"कंबर धरली का?"

"डिस्कसाठी."

त्याने पुढे काही विचारलं नाही. गाळलेल्या हवेच्या काचपेटीत तिने पहिली डिस्क ठेवली, खाली गरम पाण्याची पिशवी. डिस्क पुरेशी तापल्यावर टर्पेंटाइनचं बोट टिळ्याच्या कडेने फिरवलं. शेंदूर मऊ पडला. सुईने तिने त्याची कड उचलली, तेव्हा शेंदरात एक बारीकसा बुडबुडा फुगला आणि फुटला. डिस्कने श्वास सोडला होता. मग तिने ती हळूहळू निवू दिली, म्हणजे पेटीतली स्वच्छ हवा आपोआप आत शिरेल. डिस्कला वीज लावली आणि दोघं कान देऊन ऐकत राहिली. खरखर नाही. नुसता फिरण्याचा सूर.

सहाच्या सहा डिस्क तिने अशा शेकून उघडल्या. एक पार खरवडली गेली होती, ती गेलीच. बाकीच्या पाच बोलू लागल्या, पण सगळ्यांच्या अंगावर जागोजागी ओरखडे. आता अशा एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचाची एक गंमत असते. त्यात माहितीबरोबर तिच्या बेरजाही लिहिलेल्या असतात. एखादा आकडा पुसला गेला तरी बाकीचे आकडे आणि बेरीज यांवरून तो नेमका काढता येतो. हा अंदाज नव्हे, गणित आहे. सहांपैकी कुठल्याही चार डिस्कवरचा मजकूर धड असला की त्या जागेचं सगळं मिळतं. चारांहून कमी असला की काहीच मिळत नाही. वैजयंताने जिथे गणित लागलं तिथे लावलं. जिथे लागलं नाही तिथे तिने कोरी जागा ठेवली.

अपघाताच्या चौकशी समितीपुढे तिने ती नोंद ठेवली तेव्हा मोकाशींच्या वकिलांना आनंदच झाला. "माननीय अध्यक्ष, एकीकडे सांधकची अखंड नोंद आहे. दुसरीकडे ही. हिला ठिकठिकाणी भोकं पडलीत! ही नोंद म्हणायची की चाळण?"

समितीच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून वैजयंताकडे पाहत म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं?"

"भोकं आहेत, बाई. मीच ठेवलीत," वैजयंता म्हणाली. "जे वाचलं ते लिहिलं, नाही वाचलं ते सोडलं. आता जे वाचलं ते बघा. भोंगा झाला. चालकाने थांबवायचं बटण दाबलं. पुढे थोडी जागा कोरी आहे. मग तिने ते पुन्हा दाबलं. दोन्ही वेळा ब्रेकला हुकूम पोचला. आणि दुसऱ्या वेळीही भोंगा चालूच होता."

मागच्या बाकावर बसलेल्या रेश्माने आपल्या उजव्या हाताची मूठ वळली आणि ती मांडीवर घट्ट दाबून धरली.

"मग ट्रॉली थांबली का नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

सभागृहात कुजबूज झाली. वकील उठले. "बघा! म्हणजे यांनाही..."

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही!" वैजयंताचा आवाज चढला, आणि तिने तो खाली आणला नाही. "तिथली नोंद कोरी आहे. पण ब्रेक अजून त्या डोंगरावरच आहे ना? तो उघडून कोणी बघितलाय का? सांधकने सगळं भरून दिलं आणि तुम्ही सगळे घरी गेलात. कोणाला काही शोधायचं उरलंच नाही. माझी जागा कोरी आहे, म्हणून तरी आता कोणीतरी उठून तिकडे जा."

अध्यक्षबाईंनी पुढ्यातला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग त्यांनी ब्रेक उघडण्याचा हुकूम दिला.

ब्रेक उघडला. त्याचं अस्तर झिजून धातूला धातू लागला होता. बदलायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. रेश्मावरचा ठपका गेला. ती दुकानात आली तेव्हा तिच्या हातात देवीचा प्रसाद होता, आणि शेंदराची वाटीही.

"प्रसाद द्या," वैजयंता म्हणाली. "वाटी लांब ठेवा."

"गुरवमामांना म्या सांगितलंय," रेश्मा खळखळून हसली. "म्हनलं, मामा, ह्येच्या फुडं पेटीला टिळा कडंला लावायचा. आईला काय, कुटंबी चालतंय."

सांधकविरुद्ध त्यानंतर फार काही झालं असं नाही. मोठी यंत्रं एका बाईच्या आवाजाने पडत नसतात. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. पण दुकानाच्या दारावर निरंजनने स्वतःच्या हाताने पाटी लावली: इथे नसलेलं भरून मिळणार नाही.

ती लावली त्याच दुपारी वैजयंता आबांचा जुना फोन घेऊन बसली. सांधकने घातलेला एकेक तुकडा तिने पुसला. 'अभिमान' पुसताना हात अडखळला नाही. 'बाळा' पुसताना अडखळला. तिने तोही पुसला, आणि उरलं तेवढंच लावलं. निरंजन येऊन तिच्या शेजारी बसला.

"ए शहाणे, ऐक. तुला एक सांगायचं राहिलंय..."

मग शांतता. लांबलचक, कोरी शांतता. निरोप संपला असं वाटलं तेवढ्यात खण्णकन आवाज झाला. फरशीवर पाना पडल्याचा. सांधकने तो कचरा समजून आपल्या शब्दांखाली झाकून टाकलेला होता. त्यामागून आबा, कोणावर तरी खेकसत, अगदी जिवंत: "आरं, धर की नीट! पायावर पाडतूस व्हय?" आणि फोन बंद.

वैजयंता खदखदून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"काय सांगायचं असेल गं त्यांना?" निरंजनने हलक्या आवाजात विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिने निरोप पुन्हा पहिल्यापासून लावला.